नमुन्याचं नाव

जालना,
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुरुजींना,

अतिकचा सलाम आणि जय भीम. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. अब्बांचे गुडघे थंडीत धरतात, बाकी ठीक. तुमची बी.पी.ची गोळी चालू असेल असं समजतो. साक्षीचा अभ्यास कसा चाललाय? काकू जेवतात का, हे पण विचारायचं होतं, पण ते पुढं विचारतो.

पत्र बघून नवल वाटलं असेल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. रागानं म्हणत नाही. चौथीत तुम्हीच आमच्याकडून पत्रलेखन घोटून घेतलं होतं, आधी क्षेमकुशल, मंग कामाचं. माझ्या शुद्धलेखनावर तुम्ही लाल पेन फिरवणार हे मला माहीत आहे. फिरवा. त्या निमित्तानं वाचलं तरी जाईल.

दुकान चालू आहे. लग्नसराई आहे, पत्रिकांची पानं रोज जातात. मंठ्याचा मच्छिंद्र, तो फ्लेक्सवाला, पहिल्यासारखाच फोनवर ओरडतो, "अतिकभाई, जल्दी करा, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय." सुमितच्या खुर्चीवर आता अंबडची प्रिया म्हणून एक मुलगी बसते. हात चांगला आहे तिचा, रंग जरा भडक घेते. सुमित असता तर म्हणाला असता, "बाई, पान हाय का पोळ्याचा बैल?" मी काही म्हणत नाही. मला रंगातलं कळत नाही, आणि ज्याला कळायचं तो राहिला नाही.

पावसाळ्यात पत्र्यातून गळत होतं ते दुकान मालकानं आता नीट करून दिलंय. हे मी कशाला लिहून राह्यलोय, तुम्हाला त्याचं काय.

गुरुजी, सुमितच्या जलदान विधीच्या दिवशी तुम्ही मला फाट्यापर्यंत सोडायला आलात. घरात काकू जे बोलल्या ते सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं होतं. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. एस.टी. लांबून दिसली तेव्हा हळू आवाजात विचारलंत, "अतिक, ते नाव तिथं कव्हापासून होतं?" मी गाडीत चढलो आणि तुमच्याकडं पाठ करून बसलो. ते उत्तर द्यायचं राहिलंय.

पहिल्यापासून सांगतो. काकूंना हे कुणी बराबर सांगितलेलंच नाही. त्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आमचं काम असं. गिऱ्हाईक मोबाइलवर नाव, फोटो, तारीख भरतं, आणि वाढदिवस, लग्न, आदरांजली, जे हवं त्याचं पान तयार होऊन येतं. पान दिसावं कसं, ते सुमितचं काम. त्यात दर वेळी नवं नाव आपोआप बसवायचं, ते माझं. आधी मी जी पद्धत वापरायचो तिच्यात पानाच्या मधोमध माझे कंस आणि इंग्रजी खुणा यायच्या. सुमितनं पान उघडलं की नावाच्या जागी त्याला काटेरी कुंपण दिसायचं. खरं रूप बघायचं तर माझा प्रोग्राम चालवावा लागायचा. रंग बदलला, "अतिक, चालव." अक्षर मोठं केलं, "अतिक, चालव." मी जेवायला बसलो तरी चालव. दोघांची रोज भांडणं. एकदा त्यानं कीबोर्ड उचलून माझ्या डब्याशेजारी आपटला होता. वरण सांडलं, तेही काकूंनी दिलेलं.

म्हणून मी दुसरी पद्धत शोधली. तिच्यात पान साधंच राहतं. माझ्या खुणा आतल्या बाजूला दडतात, आणि नावाच्या जागी नमुन्याचं एक नाव बसतं, फोटोच्या जागी नमुन्याचा फोटो. पान नुसतं उघडलं तरी पुरं दिसतं. प्रोग्राम चालला की नमुना निघून जातो आणि गिऱ्हाईकाचं नाव येतं. आमची शकीला शिवताना आधी कच्चे टाके घालते आणि पक्की शिवण झाली की ते ओढून काढते, तसंच समजा. आता सुमित तुमच्या ओट्यावर बसून, नेट नसताना, मी नसताना, आपलं काम आपण बघू शकत होता. म्हणाला, "आजपासून मी तुझा नोकर न्हाई." मी म्हटलं, "आधी तरी कव्हा ऐकत होतास?"

आता प्रश्न नमुन्याच्या नावाचा. वाढदिवसाच्या पानावर त्यानं साक्षीला बसवलं. लग्नाच्या पानावर मला आणि शकीलाला, तेव्हा आमचं नुकतंच ठरलं होतं. आदरांजलीच्या पानावर कुणाला बसवायचं? मी आपलं 'अबक' टाकून दिलं. तो चिडला. "अबकसाठी कोण रडतंय? खरं माणूस पाहिजे, बापाचं नाव, आडनाव, सगळं. त्याबिगर मला कळत न्हाई पान मनाला लागतं का नुसतं चकाकतं." मच्छिंद्र तेव्हा दुकानात बसला होता. त्याला म्हटलं, तुझं टाकू का? तो अर्धा चहा ठेवून उठला आणि जो गेला तो आठ दिवस आला नाही.

मंग सुमितनं स्वतःचं टाकलं. सुमित तातेराव हिवाळे. वर तो चौकड्याच्या शर्टातला फोटो, भोवती झेंडूचा हार, खाली मेणबत्ती. मी म्हटलं, राहू दे, बरं वाटत नाही. तो हसायला लागला. "मी तातेराव गुरुजींचा पोरगा हाय. आमच्या घराचा पाया अमावास्येला खांदलाय. अपशकुन आमच्याकडं आला त बाबा त्याला पाढे म्हणायला लावतेत." तुमच्याविषयी असं तो दहा जणांना सांगायचा, गुरुजी. लई अभिमान होता त्याला.

तर उत्तर हे, की दोन वर्षांपासून. ते नाव तिथं होतं आणि तो माझ्या लग्नात नाचला. ते नाव तिथं होतं आणि त्यानं साक्षीला कॉलेजात घातलं, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, माझ्याशी शंभरदा भांडला. दर दोन-चार दिवसांनी तो ते पान उघडायचा, स्वतःच्या फोटोला "काय सायेब, बरं हाय ना वर?" म्हणायचा, आणि कामाला लागायचा.

डिसेंबरात तो मंठ्याहून परत येताना अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. त्या ट्रॉलीला दिवा नव्हता. लाल कागदाचा तुकडासुद्धा चिकटवलेला नव्हता. काकूंना हे सांगा. त्याला पानानं मारलं नाही, त्या ट्रॉलीनं मारलं. मला कुणावर ओरडायचं असेल तर मी त्या ट्रॉलीवाल्यावर ओरडेन, पण तोही ठाण्यात कोपऱ्यात डोकं धरून बसला होता, मी पाहिलाय.

साक्षीनं मला फोन केला, "दादाचं पान करून देता का." माझ्याशिवाय कोण करणार होतं. तिनं माझ्या लग्नातला त्याचा फोटो पाठवला. मी नाव भरलं, फोटो भरला, बटण दाबलं. फोटो बदलला. नाव होतं तसंच राहिलं. मला वाटलं प्रोग्राम अडला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबताना माझ्या ध्यानात आलं की प्रोग्राम बिलकुल बराबर चाललाय, नमुना काढून त्यानं खरं नाव बसवलंय. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडलो. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चाललेलं काम ते.

पुढचं तुम्ही पाहिलंय. साक्षीनं मावशीला दादाचं काम दाखवायला लॅपटॉप उघडला, एकेक पान उघडत गेली आणि ते पान उघडलं. माझी जुनी पद्धत असती तर तिथं कंस दिसले असते आणि काकूंनी मान फिरवली असती. त्यांना वाचता येत नाही, पण शर्ट ओळखता येतो. "हा शर्ट त म्या मागच्या साली बोहारणीला दिल्ता," म्हणाल्या. मंग विचारलं, "मंग हा हार कव्हाचा?" साक्षीला खोटं बोलता येत नाही, तुमचीच लेक. काकू माझ्याकडं वळल्या. "माझ्या लेकराला जित्तेपणी हार घातला तुम्ही. तिथून काढ त्याला. आन पुन्हा ह्या घराची पायरी चढू नको." ज्या हातानं त्यांनी मला लहानपणापासून भाकरी वाढली, तोच हात दाराकडं दाखवत होता. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

काकूंचं ऐकलं मी. त्याला काढलं. नाव खोडायला काही लागत नाही, एक कळ दाबायची. तरी जानेवारी सगळा गेला. गिऱ्हाईकांची पानं पाठवत राहिलो, नमुन्याच्या ह्या पानाला हात लावायचं टाळत राहिलो. गेल्या आठवड्यात प्रियाला अक्षरं मोठी करायची होती. तिनं पान उघडलं आणि म्हणाली, "सर, हे कोण?" मी सांगितलं. ती खुर्चीवरून उठली. मंग मी स्वतः बसून ते नाव काढलं. फोटो काढला. रिकामा हार तेवढा राहिला, तो बघवेना. 'अबक' टाकून पाहिलं. सुमितचं खरं होतं, कुणी मेलंय असं वाटेना.

प्रिया म्हणाली, "माझ्या आजीचं टाकते, ती वारलीय." शहाणी पोरगी आहे. टाकू दिलं असतं तर सगळं मिटलं असतं. मी नको म्हटलं. गुरुजी, तिथं मेलेल्याचंच नाव टाकायचं असं आपण ठरवलं, तर काकू म्हणतात ते खरं असं कबूल केल्यासारखं होईल. जित्त्याचं नाव तिथं चालत नाही, आणि म्हणून सुमित गेला, असं होईल. मंग तो जे हसत होता ते त्याचं येडेपण ठरेल, आणि तुम्ही आम्हाला शिकवलं ते पण.

म्हणून मी तिथं माझं नाव टाकलंय. अतिक गुलाम नबी.

शकीलाला आधी सांगितलं नव्हतं. कळल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आली, पान बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "ये फोटो नको, यात गाल बसलेत तुमचे." तिनं निवडलेला फोटो आहे आता. अब्बांना सांगितलेलं नाही. हार आणि मेणबत्ती बघून ते आधी दीनाचं, धर्माचं काढतील, मंग जिवाचं.

काकूंना एवढंच सांगा, की सुमितला काढलंय, आणि त्याच्या जागी मी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुमच्याकडं टेंभुर्णीला येत जाईन. पायरी चढणार नाही. समोरच्या लिंबाखाली थोडा वेळ उभा राहीन. त्यांनी दारातून एकदा बघावं की मी चालता-बोलता आहे, एवढंच. बोलायची गरज नाही. एक वर्ष बघावं, दोन वर्षं बघावं, त्यांना वाटेल तितकं बघावं. कधीतरी त्यांना पटेल की लेकाला कुणी जित्तेपणी मारलं नव्हतं. मंग तरी जेवतील.

हिमतीनं लिहितोय असं समजू नका. मला भीती वाटते. गाडी हळू चालवून राह्यलोय. संध्याकाळी मंठा रोडला जात नाही, मच्छिंद्र कितीही ओरडला तरी. परवा साधी सर्दी झाली तर रात्रभर शकीला कपाळावर हात ठेवून बसली आणि मी झोपल्याचं सोंग घेतलं. तुम्ही शिकवलेलं सगळं पाठ आहे, तरी.

आता शेवटचं, जे मला लिहायचं नव्हतं. फाट्यावरचा तो प्रश्न काकूंनी विचारला असता तर मी तिथंच उत्तर दिलं असतं. तुम्ही विचारलात म्हणून मी गाडीत चढलो. नावानं, तिथीनं, मांजरानं माणसाचं काही होत नसतं हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, ते मनातल्या मनात तारखा जुळवून पाहत होते की काय, असं वाटलं. बाप आहात तुम्ही. मी दोष देत नाही.

तसं काही नसेल, तुम्ही नुसतंच विचारलं असेल, तर दोन ओळी टाका. मी त्या शकीलाला वाचून दाखवीन. आणि तसं वाटत असेल, मनापासून वाटत असेल, तर गुरुजी, मला कळवू नका. आता तिथं मी आहे.

तुमचाच,
अतिक