टाकी वर, बटण खाली

मी, खाली सही करणारी, राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी आजच तपासून लिहून दिले आहे. थोरल्याला शंका असेल तर त्याने त्यांनाच विचारावे.

यादवी युद्धे का पेटतात आणि टाळावी कशी, यात माझी उभी हयात गेली. माझ्या दोन मुलांत मात्र विस्तव जात नाही. थोरला वर राहतो, धाकटा खाली. गेल्या आठवड्यात धाकट्याने दाराआड लोखंडी सळई आणून ठेवली. विचारले तर म्हणाला, "आई, मी काही करणार नाहीये गं. त्यानं केलं तर असावी." थोरल्याने ती पाहिली आणि दाराला दुसरे कुलूप लावले. युद्धाच्या तोंडावर धाकट्याचे हेच वाक्य मी दोन्ही बाजूंकडून ऐकत आले. मला भीती वाटते.

१. वरचा मजला थोरल्याला, खालचा धाकट्याला. पाण्याची टाकी गच्चीवर आहे, मोटारीचे बटण खालच्या स्वयंपाकघरात. टाकी भरली की वरच्याने सांगावे, खालच्याने बटण बंद करावे. आजवर हा निरोप मी पोचवत आले. ही व्यवस्था बदलू नये. बदलणाऱ्याचा मजला माझ्या विभागाच्या वाचनालयाला जाईल. तो दुसऱ्या भावाला दिला, तर तो भाऊच व्यवस्था मोडून पहिल्याच्या नावावर खपवेल. कागदावरचे तह मी फार पाहिले. एकमेकांवाचून ज्यांचे अडते, त्यांचेच टिकले.

२. बँकेतली शिल्लक निम्मी निम्मी. पुस्तके माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला, ती वाचते.

३. हात मोडलेली खुर्ची माझ्या जुन्या विभागप्रमुखांना. "बाई, युद्धं पुढारी करतात, शेजारी नाही," असे ते प्रत्येक बैठकीत मला ऐकवत. त्यांनी जपून बसावे.

सह्यांपूर्वीची भर: मोटार चालू आहे. टाकी भरून पाणी खिडकीवरून खाली पडते आहे. वरून हाक नाही. साक्षीला बसलेले डॉक्टर हाक द्यायला उठू लागले, मी त्यांचा हात धरून बसवले. आज मी ओरडणार नाही. दुसऱ्या साक्षीदार शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, अंगणात तळं झालं."

आत्ता वरून आवाज आला, "भरली रे."

मोटार थांबली. सळई अजून दाराआडच आहे. कलम एक कायम.

साक्षीदार: डॉक्टर (सही), समोरच्या शिंपीणबाई (सही)
ठिकाण: जिन्यालगतची माझी खोली
दिनांक: आजचा, अंगण ओले असताना
लिहून देणार: दोघांची आई (सही)