घोडं रेडिओपाशी अडलंय

रवि., १६ नोव्हें. रिहे.

सकाळपासून ह्यांची स्वारी घरगाडीच्या डॅशबोर्डखाली. बाहेर फक्त दोन पाय. चहा दोनदा गरम करून ठेवला, शेवटी मीच पिऊन टाकला.

"आता फक्त रेडिओ राहिलाय." हे वाक्य दसऱ्यापासून चालू आहे. त्याआधी फक्त ब्रेक राहिले होते. त्याआधी फक्त छत गळत होतं, आणि त्याच्याही आधी पडद्यांचे रूळ. नमनालाच घडाभर तेल.

निघायचं ठरल्यापासून हा तिसरा हिवाळा. कच्छचं रण पांढरं दिसतं ते थंडीत. पावसाचं पाणी आटतं आणि मीठ उरतं. शिमग्यानंतर जाण्यात अर्थ नाही, माणूस भाजून निघतो. हे मी वर्गात नकाशापुढे उभी राहून इतकी वर्षं शिकवलं, आणि स्वतः डहाणूच्या पुढे कधी गेले नाही. "तू आधी शाळेतून मोकळी हो, मग निघूच," हे ह्यांचेच शब्द. झाले मोकळी. मुदतीआधी झाले. विज्ञान-भूगोल दुसऱ्या बाईंच्या हवाली करून आले, आणि आता अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मिनीबसकडे बघत बसते. आत पलंग आहे, ओटा आहे, बेसिन आहे. लोणावळ्याच्या कुणा हौशी माणसाने बांधून घेतलेली. तो तरी गेला का कुठे, देव जाणे.

बुध., १९ नोव्हें.

शेजारच्या हौसाबाईंच्या कोंबड्या घरगाडीखाली बसायला लागल्यात. आज पुढच्या चाकाशी अंडी सापडली. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमालाच. तुमच्या गाडीनं घातल्याती." वर आणखी, "बाई, गाडी हाय का खुराडं? भात लावला तवाबी हितंच, काढला तवाबी हितंच."

तिथे हसले. घरी येऊन अंडी ठेवताना हसू आलं नाही.

रवि., २३ नोव्हें.

हे पुण्याला, जुन्या बाजारात. दिवेलागणीला परत, दुसराच रेडिओ काखेत. मूळच्या खाचेत तो बसत नाही, दोन बोटं जास्त रुंद. मूळचा म्हणजे दोन गोल खुंट्या, मधे पाच पांढरी बटणं, वय आमच्या मानसीपेक्षा जास्त. धड होता तेव्हाही या डोंगरांच्या बेचक्यात खरखरीपलीकडे काही लागत नव्हतं. पण बदलायचा तर तसलाच हवा. ओरिजनल.

मी : गाडी काय रेडिओवर चालते?
हे : अगं, हजारेक किलोमीटर. मुक्यानं जायचं?

लग्नापासून मुक्यानंच चाललोय, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. पिरंगुटच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं ह्यांनी. वस्तू जमवायची, नीट लावायची, आणि होता होईतो बाहेर जाऊ द्यायची नाही. तीच सवय घरी आणली.

बुध., ३ डिसें.

मानसीचा फोन, जांब्याच्या तिच्या फ्लॅटवरून. "आई, बाबांना त्यात आनंद मिळतोय ना? मग यू शुड बी हॅपी." तिच्या कंपनीत असं बोलायचं शिकवत असावेत. म्हटलं, मला कशात आनंद मिळतो ते विचार की. "विचारते ना. एक मिनिट हं, मीटिंग आहे."

मंगळ., ९ डिसें.

मानसीने रेडिओ पाठवला. बाबांना वाढदिवसाची भेट. टचस्क्रीन, ब्लूटूथ, मागचं दिसायला कॅमेराही. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "डॅशबोर्डचा मुखडा बिघडेल." पण लेकीची भेट, नाही म्हणता येईना.

मला मनातून बरं वाटलं. बघू आता काय निमित्त काढतात.

गुरु., ११ डिसें.

मोबाइलवर व्हिडिओ. जेवताना व्हिडिओ. राजस्थानातला कुणी मुलगा ट्रकात रेडिओ बसवतोय, हे मान डोलावतायत.

रवि., १४ डिसें.

वाजला! पट्टी कापून, पत्रा वाकवून, का होईना, नवा सेट बसला. वस्तीवर सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज. हे खाली उतरून चक्क नाचले. मी शिरा केला. खोटं कशाला लिहू, मला फार आनंद झाला. माळ्यावरून बॅग काढली, उन्हात ठेवली. स्वेटर झटकले. नाताळच्या आत निघू म्हणाले. स्वतःहून.

दिवसभर गाडीत बसून गाणी ऐकतायत, मधूनमधून इंजिनही चालू. ऐकू देत.

रवि., २१ डिसें.

गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की कट् आणि गप्प.

हे पेट्रोल पंपावरच्या मेकॅनिकला शोधायला गेले, तेवढ्यात मी बॅटरीचं झाकण उघडलं. आत दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या, बारा अधिक बारा चोवीस. सेटला लागतात बाराच. मग स्वारीने काय करावं? दोघींतल्या एकीवरूनच तार ओढली. सेट वाजतो तो त्या एकीच्या जिवावर. तिचं पाणी होऊन गेलंय. आणि दुसरी, जिच्यावर काहीच भार नाही, ती आधीच भरलेली, तरी गाडी चालू झाली की तिच्यातही तेवढंच भरत राहतं. ती उतू गेलीय. खालचा पत्रा आम्लाने खाल्लाय, वास नाकात बसला.

एकसर जोडणी दहावीच्या पोरांना शिकवून शिकवून घसा बसला माझा. आणि माझ्याच दारात हे.

आल्यावर विचारलं, तार ओढताना मला का नाही विचारलंत?
"तू फळ्यावर शिकवलंस गं. ही गाडी आहे."

फळ्यावर.

एकीने झिजत जायचं आणि दुसरीने बसल्या जागी फुगायचं. गाडी पुढे सरकत नाही ती नाहीच. बॅटऱ्यांबद्दल लिहितेय. सगळं बॅटऱ्यांबद्दल नाही.

मंगळ., २३ डिसें.

कडेलोट. हे म्हणतात, "म्हणून सांगत होतो, ओरिजनलच हवा. तो चोवीसचा होता." चूक केली ह्यांनी, आणि त्या चुकीने ह्यांचंच म्हणणं खरं ठरलं! पुन्हा जुना बाजार. "संक्रांतीनंतर बघू निवांत." बॅग मी परत माळ्यावर टाकली नाही. कॉटखाली ढकलली.

मंगळ., ३० डिसें.

झालं काम. मी केलं.

हे पेन्शनवाल्या मित्रांबरोबर भूगावला जेवायला. मी सकाळच्या एसटीने पिरंगुटला जाऊन चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर घेऊन आले. साबणाच्या वडीएवढा डबा. दोन्ही बॅटऱ्या गेले चार दिवस वेगवेगळ्या चार्ज करून घेतल्या होत्या, बॅटरीवाला घरी येऊन नेतो. हे म्हणाले होते, "कर हवं तर." आज एकीवरची तार काढली, डबा दोघींवर मिळून जोडला, फ्यूज घातला. हौसाबाई टॉर्च धरून उभ्या.

"बाई, तुमाला येतंय व्हय ह्ये?"
येतं की.
"मंग इतकं दिस गप का बसला व्हता?"

तारा टेपने गुंडाळत राहिले.

पहिल्या किल्लीला गाडी सुरू. कोंबड्या उधळल्या.

शुक्र., २ जाने.

ह्यांनी बघितलं. डबा बघितला, फ्यूज बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. रेडिओ लावला, बंद केला. जेवताना म्हणाले, "वायपर तेवढे बदलायला हवेत."

वायपर. कच्छच्या वाळवंटात. माघात.

शनि., १० जाने.

भांडण. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटेल.

तुम्हाला जायचंय का नाही?
"जायचंय ना."
कधी?
"हे एवढं झालं की."
काय एवढं?

हे फडक्याने पाना पुसत होते. मग मान खाली घालूनच, "जाऊन आलो, की मग काय?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तर म्हणाले, "नोकरी संपली. ही गाडी आहे तोवर सकाळी उठायला कारण आहे. जाऊन आलो की उठून करायचं काय?"

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी खरं बोललेला एवढ्यांदाच. मला दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. ह्यांना उठायला कारण हवं, म्हणून माझे तीन हिवाळे त्या खड्ड्यात. हे मी बोलले. मोठ्याने बोलले. त्यांनी पाना जागच्या जागी ठेवला. प्रत्येक पान्याची जागा ठरलेली आहे.

बुध., १४ जाने.

संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोलायचं म्हणून दोघंही गप्प. दुपारी बघते तर गाडीवर ताडपत्री चढवलेली, चारी बाजूंनी दोरी, पक्की गाठ.

रवि., १८ जाने.

ताडपत्री काढली. किल्ली घेतली. घोटवडे फाट्यापर्यंत गाडी मी नेली आणि परत आणली.

शाळेची जीप चालवायचे, परसात नाही शिकले. पण ही अवजड. पहिल्या वळणावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागलं. समोरून रिसॉर्टकडे निघालेल्या गाड्या, एकाने खिडकीतून अंगठा दाखवला. रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. कोकणात कोरडं, मध्य महाराष्ट्रात कोरडं. मला वाटलं, असंच पुढे जावं. फाट्यावर चहा प्यायले गाडीतच, माझ्याच ओट्यावर करून. परतताना रडले थोडी. दुःख म्हणून नाही. काय म्हणून, ते माहीत नाही.

हे फाटकात उभे. "क्लच दाबून ठेवत होतीस का?" एवढंच.

नाही, म्हटलं.

रवि., २५ जाने.

सांगून टाकलं. पौर्णिमा पुढच्या रविवारी. मीठ चांदण्यात बघायचं तर गुरुवारी सकाळी निघायला हवं. मी निघणार. तुम्ही येताय तर या.

"एकटी?"
एकटी नाही. घर आहे की बरोबर.

मानसीचा फोन लगेच. म्हणजे ह्यांनी केला होता तिला. "आई, बाबांना असं अल्टिमेटम..." मी म्हटलं, मीटिंग आहे, ठेवते.

बुध., २८ जाने.

तांदूळ, डाळ, मेतकूट, गॅस भरून. पाण्याची टाकी भरली. हौसाबाईंना घराची किल्ली द्यायला गेले. "मालक येत्यात का?" विचारलं. म्हटलं, उद्या कळेल. त्यांनी लोणच्याची बरणी दिली, ह्यांना आवडतं तेच, लिंबाचं.

संध्याकाळी दारापाशी ह्यांची बॅग दिसली. भरलेली. चेन लावलेली. गाडीत नाही, चपलांच्या शेजारी. मी हात लावला नाही.

गुरु., २९ जाने.

गाडीत. स्टिअरिंगवर वही टेकून लिहितेय, अक्षर बघवत नाही.

अजून अंधार. मी येऊन इंजिन सुरू केलं. वाटलं होतं येणार नाहीत. आले. कानटोपी, स्वेटर, बॅग मांडीवर. डावीकडे बसले, रेडिओ स्वतः लावला, आवाज कमी केला. मी फाटक उघडून आले, गिअर टाकला. तेवढ्यात, "थांब गं. चष्मा राहिला." उतरून आत गेले. बॅगही घेऊन गेले.

चष्म्याची डबी इथे आहे. माझ्यासमोर, रेडिओच्या खाली. ते आत शिरल्यावर दिसली.

वाट बघितली. रेडिओवर भजन झालं, दुसरं झालं, बातम्या लागल्या. हॉर्न दिला. हौसाबाई तांब्या घेऊन दारात आल्या. खिडकीतून हाक मारली, अहो. पुन्हा, अहो. खिडकीत दिवा आहे, सावली नाही.

मग नावाने हाक मारली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, नंतर कधी नाही. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी मारली. "श्रीकांत!" हौसाबाई "आगं बया" म्हणाल्या, तेही ऐकू आलं.

आतला दिवा बंद झाला.

घराबाहेर पडताना दिवा बंद करायची ह्यांची सवय आहे. निजायला जातानाही करतात. फाटक उघडं आहे. उजव्या हाताला डोंगरामागे जरासं फटफटलंय. क्लच दाबून धरलाय, पाय भरून आला, आणि हौसाबाई हाताने विचारतायत, निघताय का थांबताय?