दिवस हाय का?

सांगली,
२२ जानेवारी १९९५

ती. आक्काताईस,

धाकट्या सुमंतचा नमस्कार. अजून रागात असशील तर नमस्कार उंबऱ्यावर ठेव, पण पत्र तेवढं आत घे. इकडे पद्माचा खोकला उतारावर आहे. भावजींचा गुडघा कसा आहे ते कळव. लोणंदला थंडी जास्त, त्यांना सकाळी बाजारात जाऊ देऊ नकोस.

माळावरचं घर स्वस्तात पडलं, असं अजून लोक मला म्हणतात. खरा हिशेब असा आहे, आक्का. जागा स्वस्त, हे खरं. पण पाणी टँकरचं, दूध सायकलवरून येईपर्यंत अर्धं पाणी, आणि दुकानाला जायला दोन बस. वर रोजचा संध्याकाळचा उजेड, तो बसमध्येच खर्ची पडतो. हा शेवटचा आकडा मी घर घेताना धरलाच नव्हता.

वसाहतीचं नाव नंदनवन. झाड एकच, तेही बाभळीचं. विश्रामबाग मागं पडलं की कंडक्टर ओरडतो, "नंदनवनवाले, बाभळीखाली उतरा!" पहिले दोन महिने मी बसमध्ये कान देऊन बसायचो. कुणाचं प्लॅस्टर राहिलंय, कुणाची सासू परत गेली, सगळं उतरेपर्यंत कळायचं. सगळेच नवे, सगळेच हप्तेवाले. लय करमणूक व्हायची.

वास्तुशांतीला मी काय बोललो ते तुला आठवत असेल. दुकानात जळक्या मोटारींत तारा भरून भरून उभं केलेलं घर, छाती फुगली होती. सगळ्या पाहुण्यांत म्हणालो, "आमच्या आईचा जन्म भाड्याच्या भिंतीत गेला. आता ती जाईल ती स्वतःच्या छपराखालून." तू डोळे वटारलेस, "गप रं, वास्तूला असलं काय बोलतोस?" आई मात्र हसली होती. भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "गार हाय."

उन्हाळ्यात सगळं छान चाललं. डोळे गेल्यापासून आईचं सगळं कानावर होतं, तुला माहीतच आहे. जुन्या गल्लीत असताना तिला कुणाला विचारावं लागायचं नाही. जैन बस्तीतली, देवळातली सांजेची घंटा झाली की कळायचं, आता दिवस मावळणार, जेवून घ्यायचं. नंतर पाण्याचा थेंब नाही. माळावर घंटा नाही. म्हणून तिनं माझी बस धरली. साडेसहाची बस बाभळीखाली थांबायची, माझ्या चपला वाजायच्या, की आई आतून हाक द्यायची, "सुमंता आला, वाढा गं!" तेव्हा बाहेर चांगलं ऊन असायचं.

दिवाळीनंतर बस तीच राहिली, ऊन राहिलं नाही.

मी दारात आलो की आई विचारायची, "दिवस हाय का रं?" मी म्हणायचो, "गेला आई." मग ती ताट बाजूला सारायची. पद्मा माझ्याबरोबर दुकानात, तारा गुंडाळायला. दुकान लवकर बंद करून बघितलं, तर कारखान्यांची कामं दुसरीकडं जायला लागली. शेवटी शेजारची मयूरी म्हणाली, "दादा, आजींना मी पाचला वाढत जाईन." वाईची पोरगी, नवरा कुपवाडला कामाला. तिच्या घरी रात्री दहालाही जेवतात, पण आमच्या आईसाठी तिनं घड्याळ लावलं. आई पुन्हा जेवायला लागली.

आता तू विचारलंस त्याकडं येतो. इतका वेळ इकडंतिकडं फिरत होतो, हे तुलाही कळलं असेल.

त्या दिवशी मयूरीची लेक ओवी तापानं फणफणली होती. दवाखान्यातून ती आली तेव्हा अंधार पडलेला. आईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मयूरीनं ताट आणलं. आईनं विचारलं, "दिवस हाय का गं?" मयूरी म्हणाली, "आहे की आजी, उन्हं आहेत अजून. जेवा."

तेवढ्यात मी बसमधून उतरलो.

दारात पाऊल ठेवलं आणि आई थांबली. घास तोंडात होता. तोंड भरून हसली, म्हणाली, "सुमंता, आज लवकर कसा रं सुटलास?"

मयूरी मला डोळ्यांनी खुणावत होती. मला खोटं बोलता येईना आणि खरंही सांगवेना. मी नुसता उभा राहिलो. आईला माझं गप्प बसणंही ऐकू यायचं. तिनं तो घास पदरात काढला. चूळसुद्धा भरली नाही. मयूरी रडायला लागली, तर तिच्याच डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नगं पोरी. तू मायेनं केलंस."

सकाळी मला म्हणाली, "मला गल्लीत ने. तिथं कुणाला विचारावं लागत न्हाई."

आपल्या जुन्या खोल्या गेल्या होत्या. गल्लीतल्या नानासोंनी त्यांच्या चाळीतली मागची खोली भाड्यानं दिली. पद्मा रात्री तिथं, मी दुपारी. आई तिथं पोटभर जेवायची, आक्का. घंटा झाली की हात धुवून म्हणायची, "झालं बघ, आजचा दिवस माझा." पण अंगात काही उरलं नव्हतं. थंडीनं छाती भरली.

आईच्या मातीच्या दिवशी तू भरल्या अंगणात विचारलंस, "एवढं घर बांधलंस, त्यात आईला जागा न्हवती?" मी उत्तर दिलं नाही. मयूरी तुझ्या मागंच उभी होती, ओवीला कडेवर घेऊन. तिच्यासमोर हे कसं सांगणार होतो? तू पाणीही न घेता गाडीत बसलीस. मला शिव्या देत राहा, पण आईनं घर का सोडलं ते तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ती अजून पाच वाजले की आमच्या दारात येते आणि परत जाते.

सुट्टीत ये. मी बाभळीखाली उभा राहीन.

जागा होती, आक्का. पूर्वेची खोली, दोन खिडक्यांची. पण आई गेली ती भाड्याच्या खोलीतून.

तुझा,
सुमंत