नादारीचा अर्ज

नायगाव, मिठागर
शुक्रवार, २६ नोव्हेंबर १९५४

प्रिय आयस,

आशीर्वाद मागतो. मी खुशाल आहे. तुझा गुडघा कसा आहे? पाचूबंदरला बोंबील बरा लागला असे इथे टोपली घेऊन येणाऱ्या बाया सांगत होत्या. ऊन पडले की वाळत घालताना एकटीने वाकू नकोस, शेजारच्या लुसीमावशीला हाक मार.

रविवारी देवळातली मिस्सा सुटल्यावर गॅब्रिएलबाबांची इझाबेल सांडोरहून येईल, उंबऱ्यात बसून हे पत्र वाचेल आणि तू सुपारी कातरत ऐकशील, हे मला इथून दिसते. पाकिटावरचा नायगावचा शिक्का तिने आधीच पाहिला असेल आणि तुझ्यापासून लपवला असेल. तेव्हा सांगूनच टाकतो. मी कॉलेज सोडले. आज बारा दिवस झाले. इथे पांडू मुकादमाच्या हाताखाली मजुरांची हजेरी लिहितो. पावसाने फुटलेले बांध घालायचे काम चालू आहे. पांडू रोज एकदा तरी विचारतो, "शिकलेला पोर खाऱ्या पान्यात काय करतो रं?" मी हजेरीतले पुढचे नाव वाचतो.

कारण ऐक. सरकारची नादारी मला नामंजूर झाली. नादारी म्हणजे गरिबाच्या मुलाला फी माफ, हे मी तुला जूनमध्ये सांगितले होते. तिचे नियम असे: घरचे उत्पन्न वर्षाला नऊशेच्या आत हवे, पोरगा दरवर्षी पास हवा, हजेरी पुरी हवी, आणि वर्तन चांगले असल्याची प्रिन्सिपॉलसाहेबांची सही हवी. यातले माझ्यात काय कमी आहे? पण अर्जात पालक म्हणून गॅब्रिएलबाबांचे नाव गेले. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ते माझे धर्मबाप आहेत ना, तिथूनच कारकुनाने काही घोटाळा केला. त्याला आपल्यातला धर्मबाप काय ठाऊक. तो म्हणाला, "धर्माने का होईना, बाप तो बापच. त्यांनी तुला पदरात घेतले आहे." मग मामलेदार कचेरीतून बाबांच्या केळीच्या वाडीचे उत्पन्न मागवले आणि अर्जावर लाल शेरा मारला. बोलाचाली झाली. टेबलावरची दौत कलंडली. मी निघून आलो.

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणतात, पंधरा डिसेंबरपर्यंत कागद दुरुस्त करून आण, माफी माग, मग बघू. तर तू बाबांकडे जा आणि एवढे लिहून घे: "फर्डिनंड माझा कोणी नाही." त्यांची सही, तारीख. बस.

तू स्वतः मुंबईला कॉलेजच्या ऑफिसात जाऊ नकोस. बायामाणसांना तिथे तासन्‌तास उभे करतात.

तुझा
फर्डिनंड

ता. क. वाचणारीने बाबांना आपल्या तोंडाने काही सांगू नये. आयला सांगू दे.


नायगाव
गुरुवार, २ डिसेंबर

प्रिय आयस,

आशीर्वाद मागतो. तुझे पत्र मिळाले, म्हणजे इझाबेलच्या अक्षरातले तुझे बोलणे मिळाले. गुडघ्याला तेल लावतेस हे बरे.

पण बाबांचे उत्तर वाचून माझे डोके फिरले. "मी त्याला पोसत नाही असं लिहून देतो. माझा कोणी नाही असं नाही लिहिणार. पाद्रीबाबांसमोर मेणबत्ती धरून त्याला हातावर घेतलंय मी." हे बोलायला सोपे आहे. माझा बापू वारला तेव्हा त्यांनीच खांदा दिला, मला अक्षरओळखही त्यांच्याच ओट्यावर झाली, हे मी नाकारत नाही. त्यांची केळी वर्षानुवर्षे बापूच्या शिडाच्या पडावातून मुंबईला गेली, त्या ओळखीपोटी ते माझे धर्मबाप झाले. पण त्या मेणबत्तीपायी माझी पुढची तीन वर्षे जळणार असतील तर मी काय करावे?

आणि त्यांनी विचारले, "अर्ज कुणाच्या हाताने भरला?" याला काय अर्थ आहे? कुणाच्या का असेना. कागद चुकला आहे, तो सुधारायचा आहे.

पंधरापर्यंत "कोणी नाही" हे शब्द आले नाहीत तर मी बोटीवर जाईन. माझगावला खलाशी घेतात. मग फी नको, नादारी नको, कुणाचे उपकार नकोत.

आता इथून पुढचे, इझाबेल, मोठ्याने वाचू नकोस. आयला सांग, पुढे हवापाण्याचे लिहिले आहे.

मला ते शब्द का हवे आहेत ते तुला कळले नाही असे म्हणू नकोस. गावात तुला माझी धर्मबहीण म्हणतात. सणाला तू मला ओवशाची भेट देतेस तीही भाऊ म्हणून. बाबांनी एकदा लिहून दिले की मी त्यांचा कोणी नाही, की मी तुझाही भाऊ उरत नाही. वांद्र्याच्या रेल्वेतल्या कारकुनाचे स्थळ आले आहे असे ऐकले. तू काय म्हणालीस? मला एका शब्दात कळव. गेल्या नाताळात विहिरीवर तू माझ्या हातातून कळशी घेतलीस तेव्हापासून अभ्यासाच्या प्रत्येक पानात तीच कळशी आहे. मी बी. ए. होऊन तुझ्या दारात उभा राहणार होतो. आता हजेरी लिहिणारा उभा राहील. तो तुला चालेल का?

आय, हवा इथे थंड आहे.

पुन्हा सांगतो, मुंबईला जाऊ नकोस. इझाबेल, तिला जाऊ देऊ नकोस.

तुझा
फर्डिनंड


नायगाव
गुरुवार, ९ डिसेंबर

प्रिय आय,

आशीर्वाद मागायला हात जोडले आणि लेखणी थांबली.

तुझे पत्र कालच्या टपालाने आले. सगळे मिळून चार ओळी. ते खिशात घेऊन मी बांधावर गेलो, हजेरी लिहिली, दोन नावे चुकवली, पांडूच्या शिव्या खाल्ल्या. दुपारी भाकर उघडली ती तशीच बांधून ठेवली. तुझी ओळ इझाबेलने तुझ्याच बोलीत लिहिली आहे, जराही सारखी न करता:

"मेलेल्या मानसान् आंगठा कसा द्यावाचा, ता तुज्या सायबाला इचारून कलव."

म्हणजे तू मुंबईच्या ऑफिसात गेलीस. सोमवारी बाजार सोडून गेलीस, टोपलीसकट. खिडकीत तो कारकून असेल. तू म्हणाली असशील, मी फर्डिनंडची आय. त्याने अर्ज काढला असेल, तुझ्याकडे पाहिले असेल आणि वाचले असेल. तुला वाचता येत नाही म्हणून त्याने मोठ्याने वाचले असेल. रांगेतल्या पोरांनी ऐकले असेल.

मी तुला खोटे कळवले. कारकुनाने घोटाळा केला नव्हता. अर्ज माझ्या हाताने भरला. "आईबाप हयात आहेत काय?" या रकान्यात मी लिहिले: "दोघेही मयत." पालक म्हणून बाबांचे नाव मीच घातले. दौत कलंडली नव्हती, मी ती भिंतीवर मारली. कारकुनाने विचारले होते, "मग दर महिन्याला वसईहून सुका बोंबील कोण पाठवते?" पोरे हसली. माझा हात टेबलावर गेला. तिथे दौत होती.

आय, हे का लिहिले ते सांगतो, त्याने काही धुतले जाणार नाही तरी. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात माझी पेटी उघडली तेव्हा तुझ्या बोंबलाचा वास खोलीभर झाला. एकाने नाक धरून विचारले, तुझी आई काय करते रे? तोंडातून निघून गेले, आई नाही. वर हेही निघाले की सांडोरचे गॅब्रिएलबाबा मला सांभाळतात, त्यांची वाडी आहे, विहीर आहे. ते बोलताना मला बरे वाटले. जणू मी त्याच घरात राहतो, जिथे इझाबेल राहते. अर्ज भरायच्या दिवशी तीच पोरे माझ्या मागे रांगेत होती. खरे लिहायला वाकून कागद झाकावा लागला असता. मी झाकला नाही. वर असा हिशेब केला की अनाथाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि धर्मबाप तर नुसते देवळातले नाते, त्यावर सरकार काय विचारणार.

त्या घरचा म्हणून मिरवलो तेव्हा बाबा मला बाप हवे होते, आणि त्यांच्या मुलीसाठी तेच बाबा माझे कोणी नको होते. पांडूला हे सांगितले असते तर त्याने मला मिठात पुरले असते.

जूनमध्ये तू विचारले होतेस, "नादार म्हंजे काय रं? ज्याला कोनी नाय तो?" मी हसलो होतो. नाही म्हणालो, ज्याच्याजवळ पैसा नाही तो. तू म्हणालीस, "मंग बरा. आपल्याला समदी हायेत. माजा नाव लिव, मना आख्खा बाजार वलखते." तू बरोबर होतीस आणि मी कागदावर तुझाच अर्थ खरा केला.

बाबांचा कागद तुझ्या पत्रात होता. "फर्डिनंडला मी पोसत नाही. त्याला त्याची आई फिलोमिना मासळी विकून पोसते. तो माझा धर्मपुत्र आहे." शेवटचे वाक्य त्यांनी ठळक केले आहे. ते खोडायला मी सांगणार नाही.

आणि समासात बारीक अक्षरात इझाबेलची एक ओळ आहे: "मी वाचते ते सगळं वाचते. हवापाणीसुद्धा." म्हणजे कळशीचे सुद्धा तू ऐकलेस. तू हसलीस का, ते तिने लिहिलेले नाही. इझाबेल, मी विचारले त्याचे उत्तर मला आता देऊ नकोस. ज्याने जिवंत आईला मयत लिहिले त्याला कुठलीही मुलगी काय सांगणार. वांद्र्याचे काय करायचे ते तुझे तू ठरव, माझ्यासाठी थांबू नकोस आणि माझ्यावरच्या रागाने घाईही करू नकोस.

आता नियम. अर्जात खोटी माहिती दिल्याचे दिसले तर नादारी रद्द होते आणि वर्तनाची सही मिळत नाही. म्हणजे मी खरे लिहिले तर बहुतेक सगळेच जाईल. बाबांचा कागद जोडून गप्प बसलो तर कदाचित निभावेल, कारण तू येऊन गेलीस ते कारकुनाने वर कळवले नसेल. हे मी कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ तोलत होतो. मग लाज वाटली की तोलतो आहे.

रविवारी, बारा तारखेला, मी घरी येतो. मिस्साला तुझ्या शेजारी बसेन, तू सरकलीस तरी. सोमवारी आपण दोघे मुंबईला जाऊ. तू टोपली घेऊन ये. मी ती डोक्यावर घेईन आणि रांगेतून पुढे जाईन. माफी कारकुनाची मागेन, दौतीबद्दल. तुझी माफी मागायला मला ऑफिस नको, पण ती मी तिथेच मागणार आहे, जिथे तू ऐकलेस तिथे. नादारी मिळाली तर शिकेन. नाही मिळाली तर इथे हजेरी लिहीन, बोटीवर जाणार नाही.

नवा अर्ज मी इथल्या वहीच्या पानावर करून पाहिला. इझाबेल, हे मोठ्याने वाच, दोनदा वाच.

अर्जदार: फर्डिनंड
बाप: सायमन, मयत
आई: फिलोमिना, हयात
पालक: आई
धंदा: मासळी विकणे, वसई बाजार

खाली अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडली आहे. द्यायचा की नाही ते तू ठरव.

फिलोमिनाचा,
फर्डिनंड