वेशीवरचा सिमेंटचा लेप

आबा,

१. रस्ता रुंद करायला उदगीरची एक जुनी वेस पाडायची, असा प्रस्ताव आला.
२. तपासणी माझ्याकडे आली.
३. वेशीच्या उजव्या अंगाला फुगवटा आहे. तो तुम्ही दिलेल्या सिमेंटच्या लेपामुळे आहे.
४. तसं मी अहवालात लिहिलं.

बीदरकडून बैलांवर ओझी लादून येणारे तांडे याच वेशीशी थांबत. पुढं वाट नव्हती, पेठ होती. हे तुम्हीच सांगितलंत, घमेल्यात सिमेंट कालवताना. मी नऊ वर्षांची, हातात ओळंबा. चुन्याच्या कामात जन्म काढलेले चाचा सावलीला बसलेत. म्हणतात, "मिस्त्री, चुना सांस लेता. उसका मुंह बंद नक्को करो." तुम्ही हसता. "चाचा, तुमचा चुना म्हातारा झाला, तुमच्यावानी. हे सिमिट हाय. शंभर वर्षं हलत न्हाई." मी विचारते, चाचांचं खरं निघालं तर? "लई शानी झालीस? गुमान ओळंबा धर."

धरला. कॉलेजला निघाले तेव्हा तोच ओळंबा तुम्ही माझ्या बॅगेत टाकलात. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी तो वेशीवरून सोडला. जुन्या दगडाशी दोरा तळापर्यंत सरळ उतरला. फुगलाय तो फक्त लेप. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. लेप काढला आणि सांधे चुन्यानं भरले, तर वेस उभी राहते.

लेप कुणाचा, हे साहेबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, 'वेस धोकादायक' एवढंच लिहा. रस्ताही मोकळा, वडिलांचं नावही झाकलेलं. कशाला उकरता?" मी म्हणाले, "दगड धोकादायक नाही. लिहिणार नाही." तुमची अब्रू राखायला वेस पडणार नाही, आबा. तुम्ही चांगले गवंडी होता. हे काम चुकलं, आणि चाचांनी तुम्हाला वेळेवर सांगितलं होतं.

एक गोष्ट अहवालात नाही. लेप ओला असताना तुम्ही माझा पंजा त्यात दाबला होता. तो अजून आहे, पाचही बोटं स्पष्ट. फोटो घेताना मी कॅमेरा थोडा बाजूला सरकवला. लेपाबरोबर तोही निघेल.

हा कागद फाइलमध्येच राहील. टाकायला पत्ता नाही. सोमवारी सकाळी अकराला मी सही करणार आहे. तुमची हरकत असेल, तर त्याआधी कळवा.