फायलींच्या शेपट्या

५ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून कॉम्प्युटरचं सारं मी एकटी पाहीन. चवथी पास आहो, तेवढं पुरे. पोरगा धर्मपाल बायको-पोरीले घेऊन पुण्याले गेला तवा जुना लॅपटॉप इथंच अमरावतीले ठेवून गेला. त्यात नातीचे, प्रियदर्शनीचे, लहानपणचे व्हिडिओ. रोज जेवताना एक लावते. तिचं ते "आजी, ये ना व" ऐकलं की घास उतरते. भाजी मात्र अजून चौघांची होते. हाताले कोण सांगन?

६ फेब्रुवारी
प्रत्येक फायलीच्या नावामागं शेपूट. व्हिडिओले एमपी फोर, फोटोले जेपीजी. प्रियानं फोनवर बजावलं होतं, आजी, शेपूट पाहूनच उघडत जा, ईएक्सई दिसली तर हात लावू नको, तो आपोआप चालू होणारा प्रोग्राम असते. पण 'प्रियाचं न्हाणं' एवढं गोड नाव अन् मागं ते एमपी फोर! नव्या लुगड्याले दुकानाची चिठ्ठी चिकटल्यासारखं. वरती 'व्ह्यू'मधे जाऊन शेपट्या दाखवायची टिकच काढून टाकली. साऱ्या शेपट्या गायब! कोणाले विचारलं नाही. हुशारच म्हणा.

७ फेब्रुवारी
शेजारच्या मायाले दाखवलं. म्हणे, काकू, शेपूट झाकली तर मांजर का मुंगूस, कसं कळन? म्हणलं, माह्या घरी मुंगूस येते कायले? हसत निघून गेली. बसली असती तर चहा ठेवला असता. दूध होतं.

११ फेब्रुवारी
मेलवर लग्नपत्रिका आली! अकोल्याची! 'मंगल परिणय.पीडीएफ'. साऱ्यांच्या शेपट्या झाकल्या, अन् हिची एकटीची दिसून राहिली. मानाची पत्रिका असन. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नाही, पण पत्रिका न उघडणं म्हणजे आलेल्या माणसाले दारातूनच वापस पाठवणं. जयभीम म्हणलं अन् क्लिक केलं.

तीच तारीख, संध्याकाळ
काही उघडलं नाही. पत्रिका मोठी असन, येऊन राहिली असन. मंडपाचा पत्ता कळला की सकाळच्या एसटीनं अकोला. आहेर काय करू?

१२ फेब्रुवारी
एकही व्हिडिओ उघडून नाही राहिला. साऱ्या फायली पांढऱ्या फटक पडल्या. लॅपटॉप थकला असन बिचारा. विनाव्हिडिओ जेवली. म्हणजे, ताटावर बसली.

१४ फेब्रुवारी
प्रियाले फोन केला. खूप रागावली. म्हणे, त्या पत्रिकेचं खरं नाव 'मंगल परिणय.पीडीएफ.ईएक्सई' होतं. शेवटची शेपूट तू झाकली, म्हणून तुले मधली दिसली. पत्रिका नव्हतीच ते, साऱ्या फायलींले कुलूप लावणारं भामटं होतं. कॉपी कुठंच नाही. न्हाण्याचा व्हिडिओही गेला. म्हणलं, जाऊ दे, तू आहे ना. मग लग्न कोणाचं होतं, विचारलं. म्हणे, आजी, लग्नच नव्हतं. ओळख ना पाळख, उघडली काहून व?

म्हणलं, मले वाटलं कोणी आठवण केली.

मग नुसतं "आजी..." म्हणे, अन् आवाज तुटला. पुण्याले नेटवर्क जात असन.