घोळणा फुटला म्हणून

आण्णा, तुमच्या लेकाचं ठरत आलेलं लग्न मी मोडलं. कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याच तोंडून ऐका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची जरब काही या घरातून गेलेली नाही. नळदुर्गच्या अलीकडं आपला ढाबा होता, तुम्ही भट्टीपुढं उभे होतात आणि मी शाळेतल्या बाईंना सांगून आले होते की आमचे चुलते रोज पितात. झारा हातात तसाच धरून तुम्ही म्हणालात, "घरातलं भायेर बोललीस तर जीभ हासडीन." मग थोड्या वेळानं स्वतःच गरम भाकरी आणि शेंगाचटणी वाढलीत. चटणी मी खाल्ली, पण तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

भाऊ स्वतःची गाडी चालवतो, हैदराबादची भाडी मारतो. झोप येऊ नये म्हणून कुणा गिऱ्हाइकानं त्याला पांढरी पावडर दिली आणि मग ती सुटेना. उन्हाळ्यात त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. आपल्याकडच्या उन्हात कुणाचा घोळणा फुटत नाही? आई कांदा फोडून नाकाशी धरायची, मी डोक्यावर गार पाणी थापायची. पाऊस पडून शिवार हिरवं झालं तरी रक्त येतच राहिलं, वर छातीत दुखायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे कोकेन आहे, नाकाचा पडदा फाटलाय, आणि हे थांबलं नाही तर या वयात हृदय बंद पडू शकतं. दवाखान्याच्या जिन्यातच आई मला म्हणते, "कुणाला बोलू नगं. पाव्हणे येणारेत."

तेर गावचे पाहुणे, मुलीकडचे, घर बघायला आले. पोहे झाले, चहा चालू होता आणि भावाचं नाक वाहायला लागलं. "उन्हाचा तरास हाय त्याला, घोळणा फुटतोय," आई म्हणाली. श्रावणात! आणि ती मुलीची आई, बिचारी, स्वतः उठून कांदा फोडून आणते, होणाऱ्या जावयाच्या नाकाशी धरते. माझं डोकंच फिरलं. या बाईच्या पोरीच्या हातात आम्ही जन्मभरासाठी तो कांदा देणार होतो.

"मावशी, ह्यो घोळणा न्हाय. कोकेन ओढतोय त्यो. काळजापतूर गेलंय."

"म्हंजी गांजा?" मुलीच्या वडलांनी विचारलं.

"गांजा न्हाय. नाकानं वढायची पावडर असती."

"तसलं मोठ्या शहरात असतंय की. आपल्याकडं कुठलं?"

"आपल्या दारावरनंच हायवे जातोय की."

पाहुणे उठले. आई पदर तोंडाशी लावून आत गेली. चुलते ओरडले, "तुजा बाप असता तर थोबाड फोडलं असतं!" मी म्हणाले, "फोडू द्या. भाऊ जिता राहू द्या." भाऊ मात्र माझ्यावर चिडला नाही. रडला, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाला, "आता लपवायचं काय राह्यलंय? चल, कुठं न्यायचं तिथं ने." सध्या तो सोलापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे. फार वाळलाय. सुटेल की नाही, कुणीच छातीठोक सांगत नाही.

मी आता गावोगावच्या बचत गटांत जाऊन बोलते. आमचंच घर उघडं करते, नाव घेऊन. पोरगं जागत असेल, जेवत नसेल, सारखं नाक चोळत असेल तर कांदा ठेवा बाजूला आणि डॉक्टरला दाखवा, असं सांगते. काही बाया पदर झटकून उठून जातात. काही नंतर गाठून, कोपऱ्यात ओढून, हळूच विचारतात. चुलते म्हणतात मी घराण्याला काळिमा फासला. फासला तर फासला! अब्रूला जपत आम्ही पोरगं मारत होतो, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि पुन्हा सांगेन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. त्या दिवशी तुम्ही समोर खुर्चीत बसलेले असता तर मी तोंड उघडलं नसतं, आण्णा. तुम्ही नव्हता, म्हणून तुमचा लेक जिवंत आहे.